मौन, अर्धकथन आणि कबुली: राज्याच्या गुपितांचा नैतिक विचार

राज्यसंस्थेला काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात हे बहुतेक सर्व राजनीतिशास्त्रांनी मान्य केले आहे, आणि आपल्या नावाने काय केले जाते हे जाणून घेण्याचा नागरिकाला अधिकार आहे या मान्यतेवर लोकशाही उभी आहे. या दोन मान्यतांमधला ताण जुना असून त्याची चर्चाही पुष्कळ झाली आहे. मात्र या दोहोंच्या मधोमध एक तिसरीच रीत आधुनिक काळात रूढ झाली आहे आणि तिचा नैतिक विचार क्वचितच केला जातो. परक्या भूमीवर केलेली लष्करी कारवाई सरकार अधिकृतपणे मान्य करत नाही, संसदेत किंवा न्यायालयात तिच्याविषयी बोलण्याचे नाकारते, आणि तरीही त्याच सरकारातले अधिकारी नाव न छापण्याच्या अटीवर त्या कारवाईची निवडक माहिती वार्ताहरांच्या हाती ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती ‘विश्वसनीय सूत्रां’च्या हवाल्याने छापून येते. एखाद्या कर्मचाऱ्याने वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध बाहेर दिलेली माहिती ही फुटलेली बातमी होय. वरिष्ठांच्या संमतीने, परंतु त्यांच्या नावावाचून दिलेली माहिती ही पेरलेली बातमी होय. दोहोंचे बाह्य रूप सारखेच असल्यामुळे वाचकाला त्यांतला भेद दिसत नाही, आणि पेरणाऱ्याचे काम या सारखेपणामुळेच साधते.

येथे प्रश्न असा निर्माण होतो की, जे सांगितले ते खरे असेल आणि जे सांगितले नाही ते सुरक्षेसाठी राखलेले असेल, तर या व्यवहारात असत्य नेमके कोठे आहे? प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे तपासले तर खोटे ठरत नाही, पण एकूण व्यवहार फसवणुकीचा वाटतो. या पेचाला भारतीय धर्मचिंतनात दीर्घ इतिहास आहे, आणि विसाव्या शतकात त्याची प्रत्यक्ष कसोटी वर्धा जिल्ह्याच्या भूमीवर, १९४० ते १९४४ या युद्धकाळात लागली. म्हणून आधी परंपरेतील निकष, मग वर्ध्याचा अनुभव आणि त्यानंतर आजचा व्यवहार, या क्रमाने हा विचार करणे सोयीचे आहे.

परंपरेतले सर्वांत परिचित उदाहरण द्रोणपर्वातले आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ हा शब्दप्रयोग मराठीत संदिग्ध बोलण्याची खूण म्हणून इतका रुळला आहे की मूळ प्रसंगाची रचना सहसा लक्षात घेतली जात नाही. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावे यासाठी त्यांचा पुत्र अश्वत्थामा मारला गेल्याची वार्ता त्यांच्या कानी जाणे पांडवांना हवे होते. त्यासाठी भीमाने अश्वत्थामा नावाचा एक हत्ती आधी मारला. म्हणजे असत्य सांगण्यापूर्वी त्याला आधार देणारे तथ्य मुद्दाम तयार करण्यात आले. भीमाच्या तोंडून ही वार्ता ऐकून द्रोणांचा विश्वास बसला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण त्रैलोक्याच्या राज्यासाठीही हा पुरुष खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिराने अश्वत्थामा मारला गेल्याचे स्पष्ट सांगितले आणि हत्तीचा उल्लेख अस्पष्ट उच्चारला.

या कथेत तीन भूमिका वेगवेगळ्या आहेत. योजना आखणारा एक, तथ्य घडवणारा दुसरा आणि विश्वास पुरवणारा तिसरा. पेरलेल्या बातमीतही हीच वाटणी असते. योजना सरकारची, निवडून दिलेले तथ्य अधिकाऱ्याचे, आणि वाचकाचा विश्वास मात्र वृत्तपत्राने वर्षानुवर्षे मिळवलेला. सरकारी प्रसिद्धिपत्रक वाचताना नागरिक सावध असतो. तीच माहिती वार्ताहराने खणून काढली असे वाटले की तो सैल होतो. महाभारतकारांनी या कृत्याचे फळही विश्वास पुरवणाऱ्याच्याच पदरात टाकले आहे: तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, आणि स्वर्गारोहणपर्वात त्याला अल्पकाळ का होईना नरकाचे दर्शन घ्यावे लागले. युद्ध जिंकले गेले, द्रोण पडले, पण ज्या पुण्याईवर ते असत्य चालले ती त्या वापरातच खर्च झाली.

या प्रसंगातील दोषाची शास्त्रीय मांडणी पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात मिळते. यम म्हणजे साधकाने पाळावयाचे मूलभूत संयम. त्यांत अहिंसेनंतर सत्याचा क्रम लागतो. वाणी आणि मन वस्तुस्थितीला धरून असणे हे सत्य, अशी व्याख्या करून भाष्यकार थांबत नाही. आपले ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी वाणी असते, तेव्हा ती वंचना करणारी, भ्रांत किंवा ऐकणाऱ्याला काहीच बोध न करणारी असू नये, असे तो सांगतो. आणि जी वाणी प्राण्यांच्या नाशाला कारण होते ती दिसायला सत्य असली तरी पापच होय, अशी पुढची अट घालतो. सत्याची परीक्षा वाक्य आणि वस्तू यांच्या जुळणीवर संपत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटावे असा बोलणाऱ्याचा हेतू होता, हेही तीत पाहावे लागते. या निकषावर युधिष्ठिराचे वाक्य शब्दशः खरे असूनही वंचक ठरते, कारण द्रोणांच्या मनात हत्ती नव्हे तर पुत्र उभा राहावा यासाठीच ते योजलेले होते.

मात्र याच भाष्यातील अखेरची अट दुसऱ्या बाजूलाही कापते. कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला कौशिकाची कथा सांगितली आहे. हा तपस्वी कधीही खोटे न बोलण्याच्या व्रताने बांधलेला होता. दरोडेखोरांच्या भयाने लपलेली माणसे कोठे गेली असे त्याला विचारले गेले तेव्हा त्याने खरे सांगितले, माणसे मारली गेली आणि कौशिकाला नरक मिळाला. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्याच्या अपवादांची चर्चा करताना ही कथा आणि द्रोणवधाचा प्रसंग दोन्ही विचारात घेतले आहेत, आणि सिज्विकसारख्या पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांनीही काही प्रसंगी असत्य क्षम्य मानल्याचे दाखवून दिले आहे. सैनिक शत्रूच्या प्रदेशात असताना त्यांचा मार्ग छापणारे वृत्तपत्र कौशिकाच्याच पंक्तीत बसते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्याच्या वेळी कमांडोंच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात त्याबद्दल वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत बदल करून अशा कारवायांचे थेट प्रक्षेपण बंद करण्यात आले. तेव्हा ‘सर्व काही सर्वांना लगेच सांगावे’ हा सत्याचा अर्थ परंपरेला मान्य नाही.

राजनीतिशास्त्राने तर गुप्ततेला राज्यकर्त्याचे कर्तव्यच मानले. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात मंत्ररक्षणाचा, म्हणजे मसलत फुटू न देण्याचा, स्वतंत्र विचार केला आहे. मसलतीची जागा बंदिस्त असावी, पक्ष्यांनाही तिथे डोकावता येऊ नये, कारण पोपट-मैनांनी मसलती फोडल्याचे ऐकिवात आहे, इतक्या बारकाईने तो लिहितो. चेहऱ्यावरचे भाव आणि देहाच्या हालचाली यांतूनही गुपित फुटते हे त्याला ठाऊक आहे. आणि मंत्रभेद करणाऱ्याचा उच्छेद करावा असे तो बजावतो. उघड युद्ध, कूटयुद्ध आणि गूढपणे, हस्तकांकरवी चालवलेले तूष्णींयुद्ध असे युद्धाचे प्रकारही त्याने केले आहेत. अर्थशास्त्राचा राजा मात्र प्रजेला उत्तरदायी नाही, म्हणजे आपल्या कृतीचा हिशेब तिला देणे त्याला बंधनकारक नाही. ज्या व्यवस्थेत सत्तेचा मूळ धनी नागरिक आहे, तिच्यात कौटिल्याचा नियम जसाच्या तसा उचलता येत नाही, कारण तेथे ज्याच्यापासून लपवायचे तोच अनेकदा ज्याच्या नावाने कृती होते तो असतो.

वर्धा जिल्ह्यातील युद्धकालीन घटनांचे महत्त्व या ठिकाणी लक्षात येते. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये गांधींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. भारताला न विचारता त्याला दुसऱ्या महायुद्धात ओढण्यात आले होते, आणि त्या युद्धाविरुद्ध बोलण्याचा हक्क हा या सत्याग्रहाचा विषय होता. पहिले सत्याग्रही विनोबा भावे यांनी १७ ऑक्टोबर रोजी पवनार येथे युद्धविरोधी भाषण केले आणि २१ ऑक्टोबर रोजी देवळी येथे त्यांना अटक झाली. सत्याग्रहीने आपण कोठे आणि केव्हा बोलणार हे अधिकाऱ्यांना आधी कळवावे, असा या लढ्याचा दंडक होता. सरकारने मात्र सत्याग्रहाच्या वृत्तांतावर पूर्वतपासणीचे बंधन घातले, आणि ते मान्य करण्याऐवजी गांधींनी ‘हरिजन’चे प्रकाशन स्थगित केले. सत्तेला आव्हान देणारा पक्ष आपले सर्व बेत प्रतिपक्षाला आधी कळवत होता आणि सत्ताधारी पक्ष घडून गेलेली गोष्टही प्रजेला कळू देत नव्हता, असे उलटे चित्र त्या दिवसांत वर्ध्याच्या खेड्यांत दिसत होते.

आणखी बोधप्रद प्रसंग १९४२ चा आहे. एप्रिलच्या अखेरीस अलाहाबादला काँग्रेस कार्यकारिणीची बैठक झाली. गांधी तिला गेले नाहीत, त्यांनी सेवाग्रामहून ठरावाचा एक मसुदा मीराबेनच्या हाती पाठवला. जपानचे भांडण भारताशी नाही आणि भारत स्वतंत्र झाला तर बहुधा त्याचे पहिले पाऊल जपानशी वाटाघाटी करण्याचे असेल, अशा आशयाची वाक्ये त्या मसुद्यात होती. बैठकीत त्यावर वाद झाला आणि अखेर नेहरूंनी सिद्ध केलेला वेगळा ठराव स्वीकारण्यात आला. मे महिन्यात पोलिसांनी अलाहाबादच्या स्वराज्य भवनातील काँग्रेस कचेरीवर छापा घालून मसुदा आणि चर्चेची टिपणे ताब्यात घेतली. सरकारने ती दोन महिन्यांहून अधिक काळ जवळ ठेवली. जुलैच्या मध्यास वर्ध्यात कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता भारतातून काढून घेण्याची मागणी करणारा ठराव केला, आणि मुंबईच्या महासमितीची बैठक तीन दिवसांवर आली असताना, ४ ऑगस्ट रोजी, सरकारने ही कागदपत्रे वृत्तपत्रांसाठी प्रसिद्ध केली. अमेरिका आणि ब्रिटनमधील वाचकांना काँग्रेस जपानधार्जिणी वाटावी हा परिणाम त्यातून अपेक्षित होता.

काटेकोरपणे पाहता ही पेरलेली बातमी नव्हे, कारण प्रसिद्ध करणाऱ्याने आपले नाव लपवले नव्हते. पण निवड, वेळ आणि मौन या तीन साधनांनी खरा कागदही वंचक कसा होतो याचा हा नमुना आहे. मसुदा खरा होता. तो नाकारला गेला हेही कागदपत्रांतच होते. परंतु कच्चा विचार आणि पक्का निर्णय यांतला भेद वाचकाच्या मनात पुसला जावा अशा वेळी तो पुढे आणला गेला. ती टिपणे अधिकृत इतिवृत्त नसून तुटक आणि ठिकठिकाणी दिशाभूल करणारी असल्याचे नेहरूंनी जाहीर केले. गांधींनी मसुद्याचे पितृत्व नाकारले नाही. दरम्यान सेवाग्रामहून त्यांनी चँग कै-शेक आणि रूझवेल्ट यांना पत्रे लिहिली होती, मीराबेनला व्हाइसरॉयकडे दिल्लीस धाडले होते, आणि पुन्हा निघू लागलेल्या ‘हरिजन’मधून जपानी जनतेला उद्देशून तिच्या आक्रमणाची निर्भर्त्सना करणारे जाहीर पत्र छापले होते. व्हाइसरॉयने मीराबेनला भेट नाकारली. तिला त्यांच्या खासगी चिटणिसाशी बोलून परतावे लागले. पुढे १९४३ च्या फेब्रुवारीत सरकारने १९४२ च्या आंदोलनातील दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर ठेवणारी पुस्तिका काढली तेव्हा आगाखान पॅलेसमधील बंदिवासातून गांधींनी तिला सविस्तर उत्तर लिहिले आणि आपले मूळ लेख परिशिष्टात जोडले, म्हणजे संदर्भ तोडून उचललेले वाक्य संदर्भासह परत मांडले. निवडक प्रकटनाला त्यांचे उत्तर अधिक गुप्ततेचे नव्हते, पूर्ण प्रकटनाचे होते.

त्याच हिवाळ्यात या प्रश्नाची तिसरी बाजू समोर आली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जमाव आणि पोलीस यांत रक्तपात झाला. त्यानंतर चिमूरमध्ये सैनिक व पोलिसांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी या मागणीसाठी सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी यांनी ११ नोव्हेंबरपासून उपोषण आरंभले. सरकारने चौकशी नाकारलीच, शिवाय चिमूर व भन्साळी यांच्याविषयी काही छापण्यासही बंदी केली. या बंदीच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस प्रकाशन बंद ठेवले, आणि १२ जानेवारीस, उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी, ती बंदी उठली. चिमूरमध्ये काय घडले हे तिथल्या घराघराला ठाऊक होते. ज्यांनी ते केले त्यांनाही ठाऊक होते. बंदी होती ती दूरच्या वाचकाने ते वाचण्यावर. राज्याचे गुपित नेमके कोणापासून राखले जाते, या प्रश्नाचे उत्तर येथे उघड दिसते.

हाच प्रश्न परदेशातील छुप्या कारवायांना लावला तर बरेच काही स्पष्ट होते. १९६९ च्या मार्चपासून चौदा महिने अमेरिकेने कंबोडियाच्या सीमाभागावर गुप्तपणे बाँबफेक केली आणि ती लपवण्यासाठी लष्करी नोंदींचे दुहेरी, खोटे दप्तर ठेवले. ज्यांच्यावर बाँब पडले त्यांना ते ठाऊक होते, व्हिएतनामी कम्युनिस्टांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते अमेरिकी जनतेला आणि तिथल्या संसदेच्या बहुसंख्य सदस्यांना. मे १९६९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वृत्त दिले तेव्हा बातमी कोणी फोडली याचा छडा लावण्यासाठी सहकारी आणि वार्ताहर यांचेच दूरध्वनी चोरून ऐकले गेले. पुढच्या काळात अमेरिकेच्या पाकिस्तानातील ड्रोन हल्ल्यांबाबत रीत बदलली. अधिकारी या हल्ल्यांच्या यशाविषयी वार्ताहरांशी अनामिकपणे बोलत राहिले, आणि न्यायालयात मात्र त्यांची गुप्तहेर संस्था अशी काही कागदपत्रे आहेत किंवा नाहीत हेही सांगण्यास तयार नव्हती; २०१३ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हा पवित्रा ग्राह्य धरला नाही. कंबोडियात राज्य खोटे बोलले. ड्रोनच्या बाबतीत त्याने खरे बोलण्याचे श्रेय घेतले आणि खरे बोलण्याची जबाबदारी टाळली.

भारतातही या रीतीच्या छटा दिसतात. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात अठरा जवान मारले गेल्यानंतर लष्कराने कारवाई केली; लष्कराच्या निवेदनात ती म्यानमारच्या सीमेलगत झाल्याचे मोघमपणे म्हटले होते, एका राज्यमंत्र्यांनी सीमा ओलांडल्याचे सांगितले, आणि म्यानमारने आपल्या हद्दीत असे काही घडल्याचे नाकारले. २९ सप्टेंबर २०१६ रोजी मात्र लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी नियंत्रण रेषेपलीकडील लक्ष्यभेदी हल्ल्यांची घोषणा स्वतःच्या नावाने आणि पत्रकारांसमोर केली. तपशील राखले गेले, पण कृती कोणाची हे स्पष्ट झाले. पुढे जून २०१८ मध्ये त्याच हल्ल्यांच्या चित्रफिती वृत्तवाहिन्यांवर दिसू लागल्या. २०१६ मध्ये जे दाखवणे अनुचित होते ते २०१८ मध्ये उचित का झाले, हे ठरवणारा नियम जाहीर असता तर त्याची चर्चा करता आली असती. तसा नियम नसल्यामुळे प्रत्येक पक्षाने त्यावरून आपापला राजकीय निष्कर्ष काढला.

नियम जाहीर करता येणे हीच कसोटी जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ च्या ‘शाश्वत शांती’वरील निबंधात मांडली होती. इतरांच्या हक्कांना स्पर्श करणाऱ्या कृतीमागचे सूत्र उघडपणे सांगितल्याने ती कृती निष्फळ होत असेल, तर ती कृती अन्याय्य आहे, असे तिचे सार आहे. ही कसोटी सर्व गुप्ततेला बाद करत नाही. ‘सैनिक सुखरूप परतेपर्यंत कारवाईचा मार्ग आणि वेळ सांगितली जाणार नाही’ हे सूत्र सरकार आज चव्हाट्यावर सांगू शकते, आणि सांगितल्याने त्याचे काही बिघडत नाही. नागरिक ते समजूनही घेतात. याउलट ‘कारवाई आम्ही अधिकृतपणे नाकारू, पण आमची प्रतिमा उजळणारा भाग वृत्तपत्रांतून पसरवू आणि गैरसोयीचा भाग गोपनीयतेच्या आड ठेवू’ हे सूत्र जाहीर होताच कोलमडते, कारण वाचकाला ते कळू न देणे हाच त्याचा प्राण आहे. म्हणून गुप्तता स्वतः दोषी नाही. दोष आहे तो गुप्ततेच्या निवडक उल्लंघनाची मक्तेदारी गुप्तता राखणाऱ्याकडेच असण्यात.

या मतावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. उघड घोषणा केली तर प्रतिपक्षाला प्रत्युत्तर देणे भाग पडते आणि युद्ध भडकते. संदिग्धता ठेवली तर त्याला मान राखून गप्प बसता येते. कोरियाच्या युद्धात सोव्हिएत वैमानिक लढत असल्याचे अमेरिकेला कळले होते, तरी दोन्ही बाजूंनी ते उघड केले नाही आणि त्यामुळे मोठे युद्ध टळण्यास मदत झाली, असे ऑस्टिन कार्सन या अभ्यासकाने दाखवले आहे. म्यानमारच्या नकारातही अशीच सोय असू शकते. संदिग्धतेने माणसांचे प्राण वाचत असतील, तर श्रीकृष्णाच्या निकषाने तीच धर्म्य नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो सिद्ध करतो ते मौनाचे मूल्य. कोरियाच्या उदाहरणात दोन्ही सरकारे गप्प राहिली. त्यांनी आपल्या मतदारांपुढे मिरवण्यासाठी निवडक तपशील पुरवले नाहीत. ज्या क्षणी शत्रूला मान राखण्याची सोय देणारी संदिग्धता स्वतःला शौर्याचे श्रेय देणाऱ्या कुजबुजीत बदलते, त्या क्षणी प्राणरक्षणाचा युक्तिवाद तिच्या पाठीशी उरत नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात गुह्यांमधील विभूती म्हणून मौनाची गणना आहे, अर्धवट बोलण्याची नाही.

यावरून पेरणारा आणि फोडणारा यांतील नैतिक अंतरही मोजता येते. डॅनियल एल्सबर्गने १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाचा गुप्त इतिहास वृत्तपत्रांना दिला, त्यानंतर त्याने ते आपणच केल्याचे मान्य केले, तो अधिकाऱ्यांपुढे स्वतः हजर झाला आणि दीर्घ कारावासाची शक्यता असलेल्या खटल्याला सामोरा गेला. गांधी आणि थोरो यांच्या विचारांचा आपल्यावर प्रभाव असल्याचे त्याने पुढे सांगितले. खटला १९७३ मध्ये सरकारच्याच गैरवर्तनामुळे निकाली निघाला. भारतात १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार माहिती फोडणारा आणि घेणारा दोघेही दंडनीय ठरू शकतात. पेरणाऱ्यावर मात्र हा कायदा चालवावयाचा तर तो ज्याने चालवायचा त्याचीच पेरणीला संमती असते. एकाच कृत्यासाठी एकाला तुरुंग आणि दुसऱ्याला बढती मिळते, तेव्हा कायदा गुपिताचे रक्षण करत नसून गुपित वापरण्याच्या अधिकाराचे रक्षण करत असतो.

गांधींनी गुप्तता मात्र सर्वांसाठीच वर्ज्य मानली, आणि येथे त्यांच्या भूमिकेची मर्यादाही मान्य केली पाहिजे. १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना उघड्यावर येण्याचा सल्ला दिला. गुप्तता हे पाप आणि हिंसेचे लक्षण आहे असे ते मानत. अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारातील नाना पाटील यांनी हा सल्ला मानला नाही व ते १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेले गुप्त रेडिओ केंद्र सरकारने दाबलेल्या बातम्या देत होते. तेथे जागेची गुप्तता मजकुराच्या प्रकटनासाठीच होती. दुबळ्याने बलवानापासून स्वतःला लपवणे आणि बलवानाने ज्यांच्या वतीने तो वागतो त्यांच्यापासून कृती लपवणे यांना एकच नाव देता येत नाही. गांधींनी हा भेद पुरेसा मानला नाही, कारण लपण्याने लपणाऱ्याच्या मनात भय आणि संशय वाढतो, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह प्रत्येक प्रसंगी पाळता येईल असे नाही. पण त्यातून निघणारा किमान नियम राज्यसंस्थेला निश्चितच लागू होतो: जो अधिक बलवान, त्याच्यावर कबुलीचा भार अधिक.

वर्धा जिल्ह्याला हा विचार आज परका वाटण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि पवनार आहेत त्याच जिल्ह्यातील देवळी तालुक्यात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, आणि ते देशातले सर्वांत मोठे मानले जाते. तेथे काय आणि किती साठवले आहे हे कोणालाही न सांगण्याचा लष्कराचा अधिकार वादातीत आहे. हे मौन परिसरातल्या गावांनी वर्षानुवर्षे मान्य केलेले आहे. परंतु ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे आग लागून जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये निकामी दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण दगावले, ज्यांत मजुरी करणारे स्थानिक लोक होते. साठ्याचे गुपित राखणे आणि मृत्यूंचे कारण सांगणे यांत विरोध नाही. पहिले मौन संरक्षणासाठी आहे, दुसरे मौन कोणाच्याही संरक्षणाचे नाही.

या सर्व विवेचनातून राज्याच्या वाणीच्या तीन अवस्था निश्चित करता येतात. मौन राज्याला क्षम्य आहे, जर त्याची मुदत आणि त्याचे कारण सांगता येत असेल. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये युद्धविषयक नोंदी सामान्यतः पंचवीस वर्षांत खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले, पण १९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स अहवाल साठ वर्षांनंतरही अधिकृतपणे बंदच आहे, यावरून मुदतीचा नियम पाळणे किती अवघड जाते हे दिसते. कबुली, म्हणजे स्वतःच्या नावाने आणि परिणामांसह सांगणे, ही राज्याला सर्वांत शोभणारी वाणी आहे, मग तीत तपशील थोडे का असेनात. अर्धकथन मात्र कोणत्याही निकषावर टिकत नाही: व्यासभाष्याच्या दृष्टीने ते वंचक आहे, कांटच्या कसोटीवर ते स्वतःचे सूत्र जाहीर करू शकत नाही, आणि गांधींच्या दृष्टीने त्यामागे सोसण्याची तयारी नाही. वृत्तपत्रांपुढेही यातून एक साधे कर्तव्य उभे राहते. सूत्राचे नाव राखावे, कारण अनेकदा त्यावाचून सत्य बाहेर येत नाही. पण ती माहिती सरकारच्या इच्छेविरुद्ध मिळाली की सरकारच्या सोयीने, एवढे तरी वाचकाला सांगावे. सरकारने बोलायचे ठरवले असेल तर सही करून बोलावे, आणि सही करावयाची नसेल तर गप्प राहावे.